बेटाचा वारसा मिरवणारे आलिशान रिसॉर्ट कसे पारखावे आणि तेथे कसे राहावे

बेटावरील महागड्या रिसॉर्टच्या माहितीपत्रकात आज ‘स्थानिक संस्कृती’, ‘वारसा’ आणि ‘परंपरा’ हे शब्द हमखास आढळतात. काही ठिकाणी या शब्दांमागे कित्येक पिढ्यांचे काम आणि गावाची संमती असते, तर काही ठिकाणी स्वागतकक्षात टांगलेला एक मुखवटा आणि रात्रीच्या जेवणाबरोबर होणारे तासाभराचे नृत्य एवढीच त्यांची पुंजी असते. दोन्हींचे दर सारखे असू शकतात आणि छायाचित्रेही सारखीच देखणी असतात, त्यामुळे फरक ओळखायचा असेल तर पाहुण्याने निघण्यापूर्वीच थोडे कष्ट घ्यायला हवेत. माझ्या मते या पारखीची किल्ली एका प्रश्नात आहे: त्या बेटावरच्या लोकांना रिसॉर्टला आणि पाहुण्यांना ‘नाही’ म्हणता येते का? जेथे हा नकाराचा अधिकार शाबूत असतो, तेथे जे दाखवले जाते ते लोकांनी आपखुशीने दाखवलेले असते आणि म्हणूनच ते पाहण्यात अर्थ असतो. आरक्षण करण्यापासून परतीचे सामान बांधण्यापर्यंतच्या पुढील सर्व सूचना याच प्रश्नाला धरून दिल्या आहेत.

आरक्षणाआधी बेटाचा इतिहास वाचावा

सर्वप्रथम नकाशा उघडून पाहावा की रिसॉर्ट ज्या बेटावर आहे तेथे माणसांची वस्ती आहे का, नसल्यास ती कधी होती का, आणि सर्वांत जवळचे गाव पाण्यातून किती अंतरावर आहे. हा तपशील किरकोळ वाटतो, पण वारशाचा सगळा व्यवहार त्यावर ठरतो. मालदीवमध्ये १९७२ साली कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले, आणि पुढे तेथे निर्जन बेट भाड्याने देऊन त्यावर एकच रिसॉर्ट उभारण्याची पद्धत रूढ झाली. वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना मुभा मिळाली ती २००९ नंतर. त्यामुळे तेथील रिसॉर्टवर ऐकू येणारे बोडुबेरूचे ढोल आणि दिसणारी लाखकामाची भांडी ही बहुतेक वेळा दुसऱ्या बेटावरून होडीने आलेली असतात. यात काही खोटे आहे असे नाही, मात्र पाहुण्याला ते ठाऊक असले पाहिजे, कारण अशा ठिकाणी वारसा भेटायचा असेल तर रिसॉर्ट सोडून वस्तीच्या बेटावर जावे लागते, तेथील नमाजाच्या वेळा पाळाव्या लागतात, अंगभर कपडे घालावे लागतात आणि मद्य रिसॉर्टवरच ठेवून निघावे लागते.

याच्या उलट उदाहरण फ्रेंच पॉलिनेशियातील तेतिआरोआ या कंकणद्वीपाचे आहे. ताहितीच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर असलेले हे बेट एके काळी ताहितीच्या पोमारे राजघराण्याचे विश्रांतिस्थान होते. पुढे अभिनेते मार्लन ब्रँडो यांनी ते घेतले आणि त्यांच्या निधनानंतर, २०१४ मध्ये, तेथे ३५ व्हिलांचे रिसॉर्ट सुरू झाले. आज तेथे गाव नाही, पण झाडीत ‘माराए’ म्हणजे जुन्या पूजास्थानांचे दगडी चौथरे आहेत आणि पुरातत्त्वज्ञांनी त्यांची पाहणी केलेली आहे. अशा बेटावर आपल्याला सांगणारा माणूस कोण आहे, तो पॉलिनेशियन आहे का, आणि चौथऱ्यांविषयी तो पाठ केलेले बोलतो की शिकलेले, हे महत्त्वाचे ठरते.

बेटाचा इतिहास वाचताना सुखद भागावर थांबू नये. बहुतेक बेटांच्या कथेत एखादी मोठी जखम असते: बंद पडलेली मासेमारी, सक्तीचे स्थलांतर, मळ्यांवरची गुलामी, एखादी साथ. रिसॉर्टच्या संकेतस्थळावर त्या जखमेचा एका ओळीनेही उल्लेख नसेल, तर तेथे वारशाची फक्त सजावट उचललेली आहे असे समजायला हरकत नाही.

रिसॉर्टला कोणते प्रश्न लिहून पाठवावेत

आरक्षणापूर्वी ईमेलने चार-पाच नेमके प्रश्न विचारावेत. जमीन कोणाची आहे आणि ती कोणत्या अटींवर घेतली? बेटावरचे किंवा शेजारच्या गावातले किती लोक कायम नोकरीत आहेत, आणि त्यांपैकी कोणी व्यवस्थापनात आहे का? खोलीतील विणकाम, लाकूडकाम आणि मातीची भांडी कोणी घडवली, आणि त्या कारागिरांची नावे आपल्याला कळू शकतील का? नफ्याचा एखादा भाग बेटाकडे परत जातो का, आणि तो कसा खर्च करायचा हे कोण ठरवते? आणि शेवटचा, मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न: गावकऱ्यांच्या सांगण्यावरून आपण आजवर काय बंद केले किंवा काय सुरूच केले नाही?

उत्तराचा मजकूर लक्षपूर्वक वाचावा. ज्यांनी खरोखर काम केले आहे, ते नावे, गावे आणि वर्षे लिहितात, अडचणीही सांगतात. ज्यांनी केलेले नाही, त्यांच्या पत्रात विशेषणे वाढलेली असतात. शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलेच नाही, तर दुसरे ठिकाण शोधावे, असे मी नि:संकोचपणे सुचवेन.

या प्रश्नांची उत्तरे देणे व्यवहारात शक्य असते का, अशी शंका कोणाच्या मनात येईल. ती फेडण्यासाठी कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या फोगो बेटाकडे पाहावे. कॉड माशावर शतकानुशतके जगलेल्या या बेटावरील लोकांनी वस्ती उठवून दुसरीकडे जाण्याचा सरकारी दबाव १९६० च्या दशकात सोसला, १९६७ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढून ते तेथेच टिकून राहिले, आणि नंतर १९९२ मध्ये कॉडच्या मासेमारीवर बंदी आली तेव्हा त्यांच्या पायाखालची वाळू पुन्हा सरकली. त्याच बेटावर वाढलेल्या झिटा कॉब यांनी उद्योगक्षेत्रात यश मिळवल्यावर परत येऊन भावांसह ‘शोरफास्ट’ ही धर्मादाय संस्था स्थापन केली, आणि २०१३ मध्ये २९ खोल्यांचे ‘फोगो आयलंड इन’ उघडले. त्या वास्तूची मालकी या संस्थेकडे आहे आणि शिल्लक रक्कम बेटाच्या कामासाठी जाते. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर पोषणमूल्यांचा तक्ता छापतात, त्या धर्तीवर हे निवासस्थान आपल्या दराचाही तक्ता प्रसिद्ध करते: पाहुण्याने दिलेल्या पैशांपैकी किती वाटा मजुरीवर, किती अन्नावर, किती इतर बाबींवर खर्च होतो आणि त्यातले किती बेटावर, किती प्रांतात, किती देशात राहते व किती बाहेर जाते. पलंगावरच्या गोधड्या बेटावरच्या स्त्रियांनी शिवलेल्या आहेत, आणि लाकडी सामान बाहेरून आलेल्या आरेखकांनी व बेटावरच्या सुतारांनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या होड्या बांधणाऱ्या घरांतल्या माणसांनी, मिळून घडवलेले आहे. सर्वच ठिकाणी एवढा पारदर्शीपणा सापडणार नाही, पण तो शक्य असतो हे एकदा ठाऊक झाले की इतरांना प्रश्न विचारताना संकोच उरत नाही.

वास्तू कशी पाहावी

पोहोचल्यावर पहिला अर्धा दिवस समुद्राऐवजी इमारतीला द्यावा. चांगली स्थानिक वास्तू ही त्या हवामानाशी आणि त्या समाजाशी झालेली जुनी तडजोड असते, आणि तिची कारणे विचारली तर बेट उलगडू लागते. फोगोवरची इमारत खडकांवर तिरक्या खांबांच्या आधाराने उभी आहे, कारण तेथील मासेमारांची कामाची लाकडी घरे तशीच पाण्याच्या काठावर खांबांवर उभी राहत आली आहेत. वास्तुकार टॉड साँडर्स हे मूळचे न्यूफाउंडलंडचेच असल्याने त्यांनी रूप नवे दिले आणि उभे राहण्याची रीत जुनी ठेवली. इंडोनेशियातील सुंबा बेटावरच्या घरांचे गवती छप्पर मध्यभागी उंच सुळक्यासारखे चढते. घराचे तीन थर मानले जातात: खाली जनावरे, मध्ये माणसे आणि वरच्या सुळक्यात पूर्वजांचा, म्हणजे मारापूंचा वास व घराण्याच्या पवित्र वस्तू. हे छप्पर एखाद्या रिसॉर्टच्या जेवणघरावर दिसले, तर त्याच्या उंच पोकळीचा मूळ अर्थ कर्मचाऱ्याला जरूर विचारावा, आणि सुळका केवळ शोभेसाठी घेतला असेल तर त्याबद्दल गावाला काय वाटते हेही विचारावे.

जपानच्या दक्षिण टोकाकडील ताकेतोमी बेट या बाबतीत मला सर्वांत शिकवणारे वाटते. हे बेट ज्या ओकिनावा प्रांतात येते तो १९७२ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातून जपानकडे परत आला, त्या सुमारास मुख्य भूमीवरच्या भांडवलदारांनी या लहानशा बेटावरील जमिनी विकत घेण्यास सुरुवात केली. गावकरी सावध झाले, आणि १९८६ मध्ये त्यांनी स्वतःची सनद तयार केली. तिची तत्त्वे थोडक्यात अशी: बेट विकायचे नाही, मळवायचे नाही, बिघडवायचे नाही, मोडायचे नाही, आणि जे आहे ते जगते ठेवायचे. पुढच्याच वर्षी गावठाणाला सरकारी संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. २०१२ मध्ये तेथे ‘होशिनोया ताकेतोमी’ हे आलिशान रिसॉर्ट सुरू झाले ते या चौकटीत राहूनच: लाल कौलांची एकमजली घरे, प्रवाळी दगडांच्या बुटक्या कुंपणभिंती, पांढऱ्या प्रवाळी वाळूच्या वाटा. घराच्या दारासमोर एक आडवी भिंत असते. ती वारा अडवते, रस्त्यावरची नजर अडवते आणि दुष्ट शक्तींनाही अडवते अशी समजूत आहे. गावातील वाळूच्या वाटा रहिवासी सकाळी स्वतः झाडतात. येथे मुक्काम करणाऱ्याने एक दिवस पहाटे उठून गावात चालत जावे आणि झाडण्याचा तो आवाज ऐकावा, म्हणजे रिसॉर्टमधील वाट कोणत्या वाटेची नक्कल आहे ते कळते.

बालीमध्येही इमारतींच्या उंचीवर असाच सामाजिक लगाम आहे. सानूरच्या किनाऱ्यावर १९६६ मध्ये दहा मजली हॉटेल उघडल्यानंतर लोकांत नाराजी पसरली, आणि पुढे इमारत माडापेक्षा उंच नसावी, म्हणजे साधारण १५ मीटरच्या आत असावी, असा नियम झाला. त्याच सानूरमध्ये १९६२ साली मोजक्या बंगल्यांनी सुरू झालेले ‘तांजुंग सारी’ हे छोटे निवासस्थान त्याच्याही आधी गावाच्या मापाने उभे होते. एकाच किनाऱ्यावर या दोन्ही वास्तू पाहता येतात, आणि एकीकडून दुसरीकडे चालत गेले की फरक पुरेसा बोलका होतो.

छपराविषयी एक व्यवहारी कसोटी सांगतो. गवताचे किंवा झावळ्यांचे खरे छप्पर काही वर्षांनी पुन्हा शाकारावे लागते, त्यासाठी गवत कापणारे, बांधणारे आणि चढणारे हात लागतात. हल्ली झावळ्यांसारखे दिसणारे प्लास्टिकचे छप्पर सर्रास मिळते. प्लास्टिक पाहून लगेच नाराज होऊ नये, कारण कधी आगीच्या नियमांमुळे ते घालावे लागते. मात्र खरे छप्पर असेल तर मागच्या वेळी ते कोणी शाकारले, हा प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरातून शेजारचे गाव रिसॉर्टशी कामाने जोडलेले आहे की नाही हे लगेच समजते.

नृत्य, सण आणि बंद दारे

सर्वाधिक काळजी घ्यायची ती येथे. विधी आणि कार्यक्रम यांतील सीमारेषा पाहुण्याने आखायची नसते, ती त्या समाजाने आखलेली असते, आणि ती कोठे आहे हे आधी समजून घेणे हे आपले काम आहे. बालीत पर्यटक वाढू लागले तेव्हा मंदिरातली नृत्ये हॉटेलांच्या अंगणात येऊ लागली. तेव्हा १९७१ मध्ये तेथील विद्वान, कलावंत आणि धर्मजाणकार यांनी एकत्र बसून नृत्यांची तीन गटांत विभागणी केली: ‘वाली’ म्हणजे मंदिराच्या आतल्या आवारात होणारी पवित्र नृत्ये, ‘बेबाली’ म्हणजे विधीच्या सोबतीने होणारी, आणि ‘बालीह-बालीहान’ म्हणजे रंजनासाठी कोठेही करता येणारी. २०१५ मध्ये युनेस्कोने बालीच्या नृत्यांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले ते या तिन्ही गटांसह. रिसॉर्टमध्ये नृत्य असेल त्या दिवशी सूत्रसंचालकाला विचारावे की आजचे नृत्य कोणत्या गटातले आहे. जाणकार माणूस या प्रश्नाने खूश होतो आणि मग पुष्कळ काही सांगतो.

तारखांचेही असेच आहे. सुंबाच्या पश्चिम भागात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ‘पासोला’ होतो, ज्यात घोडेस्वारांचे दोन पक्ष एकमेकांवर लाकडी भाले फेकतात. त्याचा दिवस ‘रातो’ म्हणजे मारापू धर्माचे पुरोहित चंद्राच्या कला आणि किनाऱ्यावर येणारे ‘न्याले’ नावाचे समुद्रकृमी पाहून ठरवतात. त्यामुळे सहा महिने आधी विमानाचे तिकीट काढणाऱ्याला नेमकी तारीख कोणी देऊ शकत नाही. जो प्रवाससंयोजक ती आधीच छातीठोकपणे सांगतो, त्याच्यापासून सावध राहावे. पासोला पाहायचाच असेल तर मुक्कामात दोन्ही बाजूंना मोकळे दिवस ठेवावेत, आणि तो हुकला तरी रुसू नये.

बालीतील ‘न्येपी’ म्हणजे शक नववर्षाचा मौनदिन हा तर नकाराचा सर्वांत मोठा आविष्कार आहे. साधारणपणे मार्चमध्ये येणाऱ्या या दिवशी चोवीस तास अग्नी, काम, प्रवास आणि करमणूक वर्ज्य असते. आंतरराष्ट्रीय विमानतळ बंद राहतो, रस्ते ओस पडतात, आणि ‘पेचालांग’ नावाचे गावरक्षक गस्त घालतात. पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही आणि रात्री दिवे मंद ठेवावे लागतात. काही प्रवासी हा दिवस टाळून आरक्षण करतात. मी उलट सल्ला देईन: शक्य असल्यास तो दिवस गाठावा. आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ या राक्षसी पुतळ्यांच्या मिरवणुका पाहाव्यात, वाचायला एखादे पुस्तक जवळ ठेवावे, खोलीचे पडदे लावून घ्यावेत आणि अंधार झाल्यावर अंगणात बसून आकाश पाहावे. पर्यटनावर जगणारे एक संपूर्ण बेट आपला व्यवसाय एक दिवस बंद ठेवते, हे त्या शांततेत बसल्याशिवाय कळत नाही.

मृतांच्या आणि देवतांच्या जागांबाबत कोणतीही सूट घेऊ नये. हवाईतील माउई बेटावर होनोकाहुआ येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस किनाऱ्यावर हॉटेल बांधण्यासाठी खोदकाम सुरू झाले, तेव्हा मूळ हवाईयन लोकांची ९०० हून अधिक दफने उकरली गेली. लोक रस्त्यावर उतरले, खोदकाम थांबले, अस्थी पुन्हा पुरण्यात आल्या, हॉटेल किनाऱ्यापासून आत हलवावे लागले आणि १९९० मध्ये हवाईत दफनभूमींच्या संरक्षणाचा कायदा झाला. दफनांची ती जागा आज हिरवळ म्हणून मोकळी राखलेली आहे, आणि तिच्यावर पाऊल टाकायचे नाही. कोणत्याही बेटावर अशी राखलेली जागा दिसली तर तिच्या कडेने चालावे, तेथील दगड उचलू नये, दगडांची उतरंड रचू नये आणि ती जागा छायाचित्राची पार्श्वभूमी करू नये.

काही वारसा असा असतो की त्याच्या जवळही जायचे नसते. अंदमानात जारवा आणि इतर आदिम जमातींचे क्षेत्र १९५६ च्या विनियमाने राखीव आहे; त्यात विनापरवाना शिरणे आणि त्या लोकांची छायाचित्रे घेणे हा गुन्हा आहे. एखाद्या निवासस्थानाने आपल्या झोपड्यांचा आकार अशा जमातीच्या घरांवरून घेतला असेल, तर पाहुण्याने तेवढ्यावरच समाधान मानावे आणि ‘त्यांना पाहता येईल का’ हा प्रश्न चालकाला, वाटाड्याला किंवा कोणालाही विचारू नये. असा प्रश्न वारंवार विचारला गेला की त्याचे उत्तर देणारा कोणीतरी निघतोच.

वाटाड्या, कॅमेरा आणि रिकामा वेळ

मुक्काम किमान चार रात्रींचा ठेवावा. पहिल्या दोन दिवसांत माणसे औपचारिक असतात आणि आपणही थकलेले असतो. फोगोवर पाहुण्याला पहिल्या दिवसांतच बेटावरचा एखादा रहिवासी आपल्या गाडीतून गाव दाखवतो; अशी सोय इतरत्र नसेल तर आपण होऊन मागावी, आणि त्या माणसाला वेळापत्रकात बांधू नये. कॅमेरा पहिल्या भेटीत बॅगेतच ठेवावा. नंतर विचारून छायाचित्र घ्यावे, ते लगेच दाखवावे आणि नकार आला तर कारण विचारू नये.

जुन्या कलेबरोबर आजची कलाही वारसाच असते, हे विसरू नये. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातील नाओशिमा बेटावर वास्तुकार तादाओ आंदो यांनी उभारलेले ‘बेनेसे हाउस’ हे संग्रहालय आणि निवास एकत्र असलेले ठिकाण १९९२ मध्ये उघडले. मात्र ते गावापासून दूर टेकडीवर होते. १९९८ पासून गावातल्या रिकाम्या जुन्या घरांत कलाकृती मांडण्याचा प्रकल्प सुरू झाला, आणि त्यातल्या पहिल्याच घरात तात्सुओ मियाजिमा यांनी पाण्याखाली १२५ अंकदर्शक दिवे बसवले, ज्यांच्यातील प्रत्येकाचा वेग बेटावरच्या एकेका रहिवाशाने ठरवलेला आहे. त्या अंधाऱ्या खोलीत बसून कोणता अंक भरभर पळतो आणि कोणता रेंगाळतो ते पाहत राहावे. घाई असेल तर तेथे जाऊच नये.

विकत घेताना

कापड, चटई किंवा लाकूडकाम घ्यायचे असेल तर शक्यतो घडवणाऱ्याच्या हातून घ्यावे, आणि त्याआधी ते घडताना पाहावे. सुंबाचे ‘इकत’ हे हातमागाचे कापड याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात ताण्याचे सूत विणण्याआधीच गाठी बांधून रंगवले जाते. निळा रंग निळीचा आणि लाल रंग नोनीच्या झाडाच्या मुळांचा. प्रत्येक रंगासाठी गाठी नव्याने बांधणे व सोडणे, मुरवणे, वाळवणे हे करता करता एका चांगल्या कापडाला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि निळीचे ज्ञान स्त्रिया आपल्यातच राखून ठेवतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की किमतीची घासाघीस करण्याची इच्छा आपोआप मावळते. पुरुषांचे वस्त्र ‘हिंगी’ आणि स्त्रियांचे ‘लाऊ’ यांत फरक आहे, आणि घोडा, हरीण, मगर किंवा कवट्यांचे झाड यांसारख्या आकृत्यांना घराण्याचा व प्रतिष्ठेचा अर्थ आहे; विकणारीकडून तो समजून घ्यावा. विणणारीने एखादे वस्त्र विकायचे नाही म्हणून सांगितले, तर जास्त रक्कम पुढे करू नये. ते बहुधा कोणाच्या तरी अंत्यविधीसाठी राखलेले असते.

मालदीवच्या दक्षिणेकडील गद्दू बेटावरच्या स्त्रिया लव्हाळ्यापासून ‘थुंडु कुना’ नावाच्या नक्षीदार चटया विणतात. नैसर्गिक, पिवळा आणि काळा एवढ्याच रंगांत त्यांची भूमितीय नक्षी उभी राहते. दुकानात ‘मालदीवची चटई’ या नावाने मिळणारा माल कोणत्या बेटावरचा, हे विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण देशाचे नाव लावलेल्या पुष्कळ वस्तू परदेशातून आणलेल्या असतात.

समुद्रातून आलेल्या वस्तूंबाबत कायदा कडक आहे आणि तो योग्यच आहे. धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या, १९७५ पासून अमलात असलेल्या साइटीस या आंतरराष्ट्रीय करारानुसार समुद्री कासवांच्या कवचाच्या वस्तूंचा व्यापार बंद आहे, आणि कठीण प्रवाळ व महाशिंपले परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाहीत. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही तेथेच राहू द्यावा. जुनी वस्तू, मूर्ती किंवा शस्त्र कोणी खासगीत देऊ करत असेल, तर ते नम्रपणे नाकारावे. घराच्या सुळक्यातून किंवा मंदिरातून काढलेली वस्तू बाजारात येते तेव्हा ती देणाऱ्याला तिचा अधिकार क्वचितच असतो.

पैसे दिल्यावर घडवणाऱ्याचे नाव, गाव, वर्ष आणि वापरलेले रंग एका कागदावर त्याच्याच हाताने लिहून घ्यावेत. त्याला लिहिता येत नसेल तर त्याने सांगावे आणि आपण लिहावे. कापड घडीच्या रेषेत फाटू नये म्हणून ते गुंडाळून ठेवावे, थेट उन्हात टांगू नये, आणि तो कागद सुती पिशवीत घालून त्याच गुंडाळीत ठेवावा.